बेंजोवरची चमकी

गणपती तोंडावर आलेले, चिपळूणचा पाऊस थांबायचं नाव घेईना आणि माझ्या गॅरेजात रंगाच्या गाड्यांची रांग. अशात एक पोरगा गोणपाटात गुंडाळलेला बेंजो घेऊन आला. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेला, मिरवणुकीतला. जपानात १९१२ साली निघालेल्या ताइशोगोतोचा हा वंशज, अमेरिकन बँजोशी नातं नावापुरतंच. पेटी त्याने घरीच सागाच्या फळ्यांची केली होती. बटणं-तारा बसवायच्या होत्या.

"काका, लाल चमकी मारून द्या. लायटीत लखलखली पाहिजे."

चमकीही त्यानेच आणलेली, स्टेशनरीच्या दुकानातली. मी चिमूटभर बाटलीत टाकून वर थिनर ओतलं. "कशाला वेळ घालवताय?" म्हणून तो कुरकुरला. चहा होईस्तोवर थिनर गुलाबी झालं आणि तळाशी नुसती चांदी उरली. चमकी म्हणजे पॉलिस्टरची पातळ फिल्म, तिच्यावर ॲल्युमिनिअम आणि वर रंग. कागदकामाच्या चमकीचा रंग थिनरपुढे टिकत नाही. हीच पेटीवर मारली असती तर सगळा क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, गुलाबी झाला असता. एका बुलेटच्या टाकीचं काम करून उरलेलं लाल फ्लेक, म्हणजे गाड्यांच्या रंगकामाची चमकी, कपाटात होतं, तेच काढलं.

लाकूड पत्र्यापेक्षा किचकट. ते रंग पितं, फळीच्या टोकांना तर विचारूच नका. तिथे सीलरचे जादा हात दिले, सांधे लांबीने भरले, ३२०च्या पेपरने घासलं. मग लाल बेस, म्हणजे कणांमधल्या फटी डोळ्यांत येत नाहीत.

स्प्रे गनच्या रोजच्या १.४ एमएमच्या नोझलने फ्लेक जात नाही. २ एमएमचं लावलं, कपातली जाळी काढली. फ्लेक सारखं तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक फेरीला गन हलवायची. पेटी आडवी ठेवूनच मारली. उभ्या बाजूवर ओला क्लिअर ओघळला की चमकीलाही घेऊन उतरतो.

सुकल्यावर हाताला सगळं खरखरीत. पोराचं तोंड उतरलं. खरं काम तर पुढेच असतं! कण पूर्ण बुडेपर्यंत क्लिअरचे हात. मध्ये घासायचं ते फक्त क्लिअर. पेपर फ्लेकला लागला की वरचा रंग उडतो आणि लालात पांढरे ठिपके उठतात. त्यात पावसाळी हवा. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, क्लिअरमधल्या त्या हार्डनरला ओल मिळाली की बुडबुडे धरतात, म्हणून शटर ओढून आधी हॅलोजनने पेटी कोमट केली.

शेवटी रबिंग मारून पेटी दिव्याखाली धरली, तर पोरगा बोलेचना. त्याला बजावलं, बटणांचे स्क्रू इतक्यात करकचून आवळू नकोस, खाली नायलॉनचे वायसर घाल.

एका डॉक्टरांची पांढरी गाडी फायनल कोटला थांबली होती. फरशी दोनदा धुतली तरी कोपऱ्यांत लाल चमकत होतं. त्यांचा फोन आला तेव्हा पावसाचं कारण सांगितलं.