मनीच्या फेरफटक्यासाठी परवानगी

आमच्या वडोदऱ्यातील सोसायटीच्या बागेत माझ्या मांजरीला, मनीला, हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) घालून फिरवण्याची लेखी परवानगी मिळून आता बराच काळ लोटला आहे, तरी त्या अर्जाचा विषय निघाला की मला आजही चीड येते. मनीची स्वतःची तयारी त्या मानाने सहज झाली. हार्नेस आधी नुसता तिच्या उशाशी ठेवला, मग जेवणाच्या वेळी अंगावर चढवला. पहिल्यांदा ती अंग टाकून एका कुशीवर पडून राहिली, पण खाऊचा वास येताच उठून चालू लागली.

खरी अडवणूक झाली ती सोसायटीच्या कार्यालयात. तिथला छापील अर्ज केवळ कुत्र्यांसाठी होता आणि मांजराचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता. चिटणीस म्हणाले, ‘‘बेन, बिलाडी माटे फॉर्म नथी, मीटिंगमां जोई लईशुं.’’ म्हणजे मांजरासाठी अर्ज नाही, सभेत बघून घेऊ. मग एका सभेला पुरेसे सभासद आले नाहीत, दुसरी पाण्याच्या टाकीच्या खर्चावरील वादातच संपली, आणि जेव्हा विषय निघाला तेव्हा कोणी म्हणाले की मांजर मुलांना ओरबाडेल, तर कोणी म्हणाले की कबुतरे दाणे टिपायला येणार नाहीत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 साली पाळीव कुत्र्यांबाबत निवासी संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत आणि सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. त्या मी वाचून दाखवल्या, तेव्हा ‘‘त्या कुत्र्यांसाठी आहेत’’ एवढेच उत्तर मिळाले. घरात कोंडलेल्या एका जिवाला थोडी माती आणि थोडे ऊन मिळावे, एवढ्या साध्या मागणीला कोणी थेट नकारही देत नव्हते आणि होकारही देत नव्हते, याचाच मला सर्वांत जास्त संताप आला.

शेवटी छापील अर्जाचा नाद सोडून मी साध्या कागदावर सविस्तर अर्ज लिहिला. फिरवण्याची वेळ, बागेचा कोपरा, दोरीची लांबी, घाण लगेच उचलण्याची हमी आणि कबुतरांच्या दाण्यांच्या जागेपासून दूर राहण्याची तयारी हे सारे त्यात नमूद केले, प्राणिमात्रांविषयी भूतदया बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य असल्याचे सांगणाऱ्या संविधानाच्या 51-क या अनुच्छेदाचा उल्लेख केला आणि लसीकरण पुस्तिकेची प्रत जोडली. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय मी कार्यालयातून हलले नाही. पोच हातात असल्यामुळे पुढच्या सभेत विषय टाळणे कोणाला शक्य झाले नाही आणि परवानगी मिळाली. असा अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला माझे हेच सांगणे आहे की तोंडी बोलण्यात दिवस घालवू नका.

लसीकरणाची पुस्तिका केवळ समितीला दाखवण्यासाठी नसते. मांजरांच्या पॅनल्युकोपेनिया या घातक आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो, त्यामुळे ती लस आणि रेबीजची लस झाल्याशिवाय मांजराचे पाय बागेला लागू देऊ नयेत. हार्नेस आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटे जातील इतकीच जागा असावी. त्याहून सैल असेल तर घाबरलेले मांजर मागे सरकत त्यातून सहज निसटते. दोरी गळपट्ट्याला कधीही अडकवू नये.

पहिल्या दिवशी मनी हिरवळीवर पोट टेकून, कान मागे वळवून बसली होती आणि ओले गवत लागताच एकेक पंजा उचलून झटकत होती. मी दोरी ओढली नाही. ती जिकडे गेली तिकडे मी गेले. तिला दारातून चालत बाहेर मी कधीच नेत नाही, पिशवीत बसवूनच खाली आणते, म्हणजे दार उघडे दिसताच पळण्याची सवय लागत नाही आणि भटके कुत्रे आलेच तर लपायला पिशवी जवळ असते. वैशाख-ज्येष्ठात फक्त पहाटेच जावे, कारण पुढे फरशी पंजे भाजण्याइतकी तापते. उत्तरायणानंतर, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या पतंगोत्सवानंतर, झाडांवर आणि गवतात मांजा अडकून राहतो, आणि गिळलेला दोरा मांजराच्या आतड्यात अडकून जिवावर बेतू शकतो, म्हणून ते सारे दिवस मी फेरफटका बंदच ठेवते. बाहेर जाऊ लागल्यावर गोचिडांचे औषध लागतेच, पण कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले औषध मांजराला विषारी असते, तेव्हा दुकानदाराच्या शब्दावर विसंबून न राहता पशुवैद्यांना विचारूनच ते घ्यावे.