बारुश आधी की कास्तान्येदा? तुम्ही विचारलंत म्हणून

प्रश्न नेहमी असाच येतो. पोर्तुगीजांच्या समुद्रमोहिमांचा इतिहास त्यांच्याच सोळाव्या शतकातल्या लेखकांकडून वाचायचा आहे, तर सुरुवात कोणापासून करू, आणि त्यातलं खरं किती धरू?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. कास्तान्येदापासून करा. बहुतेक जण बारुश हातात घेतात, कारण नाव त्याचं मोठं. चाळीस पानांत थकतात आणि पुस्तक मिटून ठेवतात. दुसऱ्या प्रश्नाला मात्र एका वाक्यात उत्तर नाही. तो लेखक कुठे बसून लिहीत होता, कोणाचे कागद त्याच्यापुढे होते आणि ग्रंथ कधी छापला गेला, ही तीन माहितीची कलमं हाताशी असल्याशिवाय त्याच्या कुठल्याच वाक्याचं वजन ठरत नाही.

जुआंव द बारुश हिंदुस्थानात कधी आलाच नाही. 1533 पासून 1567 पर्यंत तो लिस्बनच्या ‘काझा द इंदिया’चा, म्हणजे पूर्वेकडचा सगळा व्यापार जिथून चाले त्या सरकारी कोठीचा, प्रमुख होता. प्रत्येक जहाजाचा हिशेब आणि कप्तानाचं पत्र त्याच कचेरीच्या वाटेने जाई. म्हणून ‘आशियाची दशकं’ या त्याच्या ग्रंथात किनाऱ्यांचं वर्णन, राज्यांची रचना, अंतरं हे सगळं भक्कम आहे. त्याने फारसी बखरी मिळवून भाषांतरून घेतल्या, आणि चिनी ग्रंथ वाचता यावेत म्हणून एक चिनी गुलाम विकत घेतला. पण तो राजाचा माणूस. रोमन इतिहासकार लिव्हीच्या थाटात लिहायचं, प्रत्येक दशकात दहा पुस्तकं, शूरांच्या तोंडी लांब भाषणं. ती भाषणं बारुशची, त्या शूरांची नव्हेत. पहिलं दशक 1552 ला छापलं, दुसरं 1553 ला, तिसरं 1563 ला.

फेर्नांव लोपिश द कास्तान्येदा याचं नेमकं उलट. बाप गोव्यात न्यायाधीश म्हणून आला, त्याच्याबरोबर मुलगा 1528 ला आला आणि दहा वर्षं राहिला. माणसं गाठून विचारायची, कागद मिळतील तिथून उतरवून घ्यायचे, हा त्याचा उद्योग. परत गेल्यावर पैशांची चणचण, म्हणून कोइंब्राच्या विद्यापीठात कारकुनी दर्जाची नोकरी धरली आणि तिथेच इतिहास लिहून काढला. पहिलं पुस्तक 1551 ला निघालं, म्हणजे बारुशच्या एक वर्ष आधी, आणि 1561 पर्यंत आठ पुस्तकं झाली. भाषा कोरडी, अलंकार नाहीत, घटना क्रमाने. वाचायला रुक्ष, पण पडताळायला याच्यासारखा दुसरा नाही. एक सावधगिरी: पहिल्या पुस्तकाची त्याने 1554 ला सुधारलेली आवृत्ती काढली, तेव्हा कुणी त्यातला उतारा दिला तर आवृत्ती कुठली हे आधी विचारा.

गास्पार कोरैया 1512 ला आला, गव्हर्नर अल्बुकर्कच्या हाताखाली लेखनिक होता, आणि त्याचं पुढचं बहुतेक आयुष्य इकडेच गेलं. तो चित्रंही काढी. गव्हर्नरांच्या तसबिरी, किल्ल्यांची दृश्यं. बाजार, कपडे, भांडणं, कोण कोणाला काय बोललं, यासाठी कोरैया वाचावा. पण तो स्वतः येण्याआधीच्या गोष्टींसाठी जपून. वास्को द गामाचा पहिला तांडा 8 जुलै 1497 ला निघाला हे इतर साधनांवरून पक्कं आहे. कोरैया ते निघणं मार्चमध्ये नेतो. त्याचा ग्रंथ तीनशे वर्षं हस्तलिखितातच राहिला आणि 1858 ते 1866 मध्ये लिस्बनच्या अकादमीने छापला. म्हणजे दरबारी कात्री त्याला लागली नाही, पण समकालीन वाचकांनी चुकाही दाखवल्या नाहीत. सुटलेल्या जिभेचे फायदे-तोटे दोन्ही आहेत.

याच्याही आधीचा, पंधराव्या शतकातला बखरकार झुरारा. उत्तर आफ्रिकेतलं सेउता 1415 ला जिंकलं त्याची आणि गिनीच्या किनाऱ्याची बखर त्याने लिहिली. गिनीची 1453 ची. ऑगस्ट 1444 मध्ये पोर्तुगालमधल्या लागुशच्या किनाऱ्यावर 235 बंदी उतरवून त्यांची वाटणी केली, आई एकीकडे मूल दुसरीकडे, ते प्रकरण एकदा वाचाच. बखर राजपुत्र हेन्रीच्या स्तुतीची आहे, आणि लेखकाला त्या पानावर रडू आवरत नाही. दामियांव द गॉइश हा राजा मानुएलचा चरित्रकार, 1566-67 चा. दरबारच्या बाजूने एखादी गोष्ट ताडून बघायला उपयोगी, एवढंच.

आता पडताळणी कशी करायची ते एका उदाहरणावर बघू. गामाच्या पहिल्या सफरीची एक रोजनिशी उरली आहे. लेखकाचं नाव तिच्यावर नाही. हस्तलिखित कोइंब्राच्या सांता क्रूझ मठातलं, आता पोर्तूला आहे, पहिल्यांदा छापलं 1838 ला. तिच्यात कालिकतच्या वाटेवर ही मंडळी एका देवळात जातात आणि त्याला चर्चच समजतात. पुजाऱ्यांच्या खांद्यावरून दोरा गेलेला, तीर्थ शिंपडलं, कपाळाला लावायला पांढरी माती दिली. भिंतीवरच्या संतांचे दात तोंडाबाहेर आलेले आणि हात चार-पाच! रोजनिशीकाराला तरीही शंका येत नाही. हाच प्रसंग कास्तान्येदाकडे उघडा. तिथे गामाच्या शेजारी गुडघे टेकलेला जुआंव द सा म्हणतो, हा सैतान असला तरी मी खऱ्या देवालाच भजतोय, आणि गामा हसतो. पन्नास वर्षांत ते चर्च नव्हतं हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. ती शरम झाकायला एक शहाणा माणूस गोष्टीत हवाच होता. किंवा सा खरंच तसं बोलला असेल, आणि मग रोजनिशीचा कर्ता तो नव्हे, कारण कर्ता म्हणून ज्यांची नावं घेतली जातात त्यांत साही आहे. दोन्ही शक्यता उघड्या ठेवून पुढे जायचं.

दुसरी पायरी म्हणजे बखरीच्या मागचं पत्र शोधणं. गोवा दुसऱ्यांदा घेतलं ते 25 नोव्हेंबर 1510 ला, संत कातारिनाच्या दिवशी. अल्बुकर्कने 22 डिसेंबरला राजाला लिहिलेलं पत्र छापलेलं आहे. चार दिवस कत्तल चालली, मुसलमान बाया-पुरुष मिळून सहा हजार मेले, शेतकरी आणि ब्राह्मणांना मारू नये असं आपण सांगितलं होतं, हे तो स्वतः लिहितो, काही लपवल्यासारखं नाही. याच अल्बुकर्कच्या मुलाने, ब्राझने, बापाच्या कागदांवरून 1557 ला ‘टिपणं’ छापली, 1576 ला सुधारून पुन्हा. मुलाने बापाची उजळलेली मूर्ती मांडली तर नवल नाही. म्हणून पत्र आधी, टिपणं मागून.

चुका कुठे होतात म्हणाल, तर सर्वांत जास्त नावांत. ‘इदालकांव’ म्हणजे आदिलखान, विजापूरचा आदिलशहा. ‘निझामालुको’ म्हणजे निजाम-उल-मुल्क, अहमदनगरचा निजामशहा. ‘कोतामालुको’ कुतुब-उल-मुल्क, गोवळकोंड्याचा कुतुबशहा. इमाद-उल-मुल्कचं ‘माद्रेमालुको’ झालं, आणि पोर्तुगीजमध्ये माद्रे म्हणजे आई, तेव्हा वऱ्हाडच्या सुलतानाला ही राणी कोण असं विचारणारे भेटतात. ‘सबायो’ हा यूसुफ आदिलशहा. तो 1510 मध्ये वारला, पण नाव लेखकांच्या लेखणीत रेंगाळत राहिलं, म्हणून त्या वर्षानंतर सबायो दिसला तर मुलगा इस्माईल तर नव्हे ना, हे बघावं. गावांत ‘बासाइं’ वसई, ‘दाबुल’ दाभोळ, ‘कारापातांव’ खारेपाटण, ‘नेगोताना’ नागोठणे. नावं मोठ्याने वाचली की अर्धी सुटतात. डोळ्यांनी वाचली की अडतात.

1582 च्या पंचांग-सुधारणेआधीच्या तारखा सगळ्या जुन्या ज्युलियन पंचांगातल्या. सोळाव्या शतकात आजच्या पंचांगाशी दहा दिवसांचा फरक, 1498 साली नऊ दिवसांचा. 25 नोव्हेंबर 1510 हा सोमवार होता. संगणकावरचं साधं कॅलेंडर शुक्रवार दाखवतं, मग वाचक ठरवतो की बखरकार चुकला. बखरकार बरोबर असतो. फारसी साधनातली हिजरी तारीख जुळवताना हे दहा दिवस विसरलात तर लढाई आधी आणि कूच नंतर, असा गोंधळ होतो. पैशांत सोन्याचा पारदाव 360 रैशचा (रैश हे हिशेबाचं छोटं पोर्तुगीज नाणं), शेराफी हा दुसरा पारदाव 300 चा. लेखक नुसतं पारदाव लिहितो तेव्हा कुठला हे संदर्भावरून ठरवायचं. वजनाचा किंताल साधारण 59 किलोचा. आकड्यांबद्दल एक ढोबळ नियम चालतो: स्वतःचे मेलेले नावानिशी असतात आणि विश्वासार्ह असतात, शत्रूचे मेलेले हजारांत असतात आणि शून्यं लेखकाच्या मर्जीची.

संदर्भ देतानाची एक खास गफलत. चौथं दशक दोन आहेत! बारुश तीनच दशकं छापून वारला. त्याच्या टाचणांवरून लाव्हान्या नावाच्या संपादकाने चौथं 1615 ला माद्रिदला काढलं. पण त्याआधीच 1602 ला दियोगु दु कौतुने आपलं चौथं दशक छापलं होतं, त्याच 1526 सालापासून सुरू होणारं. म्हणून नुसतं ‘चौथं दशक’ न लिहिता लेखक, पुस्तक, प्रकरण असं लिहावं. पानाचा आकडा देऊ नये, कारण पहिल्या आवृत्तीची आणि अठराव्या शतकातल्या चोवीस खंडांच्या पुनर्मुद्रणाची पानं जुळत नाहीत.

कौतुचं नाव शेवटी घेतलं, पण मराठी वाचकाच्या सर्वांत जवळचा तोच. 1559 ला शिपाई म्हणून आला, पुढे गोव्यात राहिला, 1595 पासून तिथल्या नव्या दफ्तरखान्याचा रखवालदार झाला आणि 1616 ला गोव्यातच वारला. चाकरीत असताना पाहिलेली लाचखोरी, कप्तानांचा हावरेपणा हे त्याने लपवलं नाही, आणि नशिबाने त्याच्या ग्रंथाची धूळधाण केली. सहाव्या दशकाच्या बहुतेक प्रती छापखानेवाल्याच्या घरी आगीत गेल्या. सातव्याची पहिली रवाना केलेली प्रत वाटेत जहाजाबरोबर शत्रूच्या हाती पडली, ती त्याने पुन्हा लिहिली. आठवं आणि नववं तो आजारी असताना घरातून चोरीला गेलं. आज जे मिळतं ते त्याने आठवणीतून केलेलं आटोपशीर रूप. अकरावं हरवलं. बाराव्याची पाचच पुस्तकं आहेत. म्हणून कौतु आठव्या दशकात घाईत वाटला तर त्याचा आळस समजू नका.

सातव्या दशकाच्या तिसऱ्या पुस्तकात दहावं प्रकरण कान्हेरीचं आणि अकरावं घारापुरीचं आहे. कान्हेरीच्या एका भुयारात एक फ्रान्सिस्कन साधू सात दिवस चालत गेला आणि शेवट सापडला नाही, असं कौतु सांगतो. ते भुयार कुणालाही सापडलेलं नाही, हे वाचताना लक्षात ठेवा. पण हाच माणूस पाचव्या दशकात लिहितो की ख्रिस्ती संत जोसाफातची कथा आणि बुद्धाची कथा एकमेकींशी जुळतात. युरोपातल्या पंडितांनी हे एकोणिसाव्या शतकात सिद्ध केलं. घारापुरीच्या दारावर एक कोरलेला शिलालेख होता, पोर्तुगीजांनी तो काढला, इकडच्या हिंदू-मुसलमान कुणालाच तो वाचता येईना म्हणून राजा तिसऱ्या जुआंवकडे पाठवला, असंही तो नोंदवतो. त्या दगडाचा पुढे पत्ता नाही. लेण्यांच्या काळाबद्दल आजही जो वाद चालतो, त्याचं उत्तर कदाचित त्याच्यावर होतं.