मेनूकार्डावरचा टक्का आणि गल्ल्यातला रुपया

उपाहारगृहाचे मेनूकार्ड छापायला देण्यापूर्वी मालकाने टक्केवारीचा विचार काही काळ बाजूला ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या तीस टक्क्यांच्या आत असला म्हणजे पदार्थ फायद्याचा, हा हिशेब या धंद्यात सर्वत्र चालतो. प्रत्यक्षात भाडे, पगार आणि विजेचे बिल रुपयांत भरावे लागते. उदाहरणादाखल पोह्यांची किंमत ५० रुपये आणि त्यांचा कच्चा माल १४ रुपयांचा धरू. खर्च २८ टक्के येतो आणि प्लेटमागे ३६ रुपये उरतात. मिसळीची किंमत ११० आणि माल ३८ रुपयांचा धरला, तर खर्च जवळजवळ ३५ टक्क्यांवर जातो, पण उरतात ७२ रुपये. टक्केवारी पोह्यांच्या बाजूने कौल देते, आणि तरीही मिसळीची एक प्लेट पोह्यांच्या दोन प्लेटइतकी रक्कम गल्ल्यात टाकते.

हा विचार शास्त्रशुद्ध स्वरूपात मायकेल कसावाना आणि डोनाल्ड स्मिथ या मिशिगन स्टेट विद्यापीठातील दोन अभ्यासकांनी १९८२ मध्ये मांडला. प्रत्येक पदार्थाला त्यांनी दोनच प्रश्न विचारले: तो किती खपतो, आणि प्लेटमागे किती रुपये ठेवतो? खपाची कसोटी सोपी आहे. नाश्त्याच्या विभागात आठ पदार्थ असतील, तर प्रत्येकाचा समान वाटा साडेबारा टक्के. त्याच्या सत्तर टक्के, म्हणजे ८.७५ टक्के, ही खपाची किमान पातळी. महिन्याला नाश्त्याच्या चार हजार प्लेट जात असतील, तर साडेतीनशेपेक्षा कमी गेलेला पदार्थ कमी खपाचा समजावा. रुपयांची कसोटी म्हणजे त्या विभागातील सर्व प्लेटची मिळून येणारी सरासरी उरलेली रक्कम. दोन्ही कसोट्यांवर उतरलेल्या पदार्थाला हात लावू नये, दोन्हींवर पडलेला पदार्थ कार्डावरून काढावा, आणि आपली बुद्धी मधल्या दोन गटांवर खर्च करावी.

मात्र या गणिताच्या मुळाशी असलेला प्लेटचा खर्च खरा नसेल, तर पुढचे सगळे व्यर्थ जाते. मिसळीचेच पाहावे. मोडाची मटकी, फरसाण, कांदा, लिंबू आणि पावाची जोडी हे सारे वजनावर आणि नगावर मोजता येते. पण पुण्यात मिसळ खाणारा माणूस सँपल, म्हणजे वरून आणखी रस्सा, मागतो, काही जण दोनदा मागतात, आणि तो रस्सा कोणत्याच बिलावर येत नाही. आमच्या कोथरूडच्या भटारखान्यात यासाठी एक साधी पद्धत आहे. दिवसभरात रस्स्याची किती पातेली संपली याची नोंद होते आणि त्यांच्या एकूण खर्चाला विकलेल्या मिसळीच्या संख्येने भागले जाते. ताटलीत वाढलेल्या रस्स्यावरून काढलेल्या आकड्यापेक्षा हा आकडा नेहमी जास्त येतो, आणि खरा खर्च तोच असतो. कोथिंबीर वडीचा खर्चही एकदा काढून वर्षभर वापरता येत नाही. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पावसाळ्यात जुडीचा भाव पाहता पाहता चढतो आणि आवक वाढताच कोसळतो. शिवाय जुडीतून निवडून हाती येते तेवढीच कोथिंबीर हिशेबात धरली पाहिजे.

कराचाही भाग यात येतो. १५ नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक उपाहारगृहांना पाच टक्के वस्तू व सेवा कर लागू आहे. त्यात खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे गॅस, डबे, तेल आणि भाड्यावर भरलेला कर परत येईल असे न समजता तो खर्चातच मिळवावा लागतो.

आता मधल्या दोन गटांकडे वळू. पोहे भरपूर खपतात, पण रक्कम कमी ठेवतात. म्हणून ते काढून टाकणे हा आततायीपणा ठरेल, कारण सकाळी चालून परतणारी नेहमीची मंडळी पोह्यांसाठीच पायरी चढतात आणि सोबत चहा घेतात. भाव ५० वरून ५५ केला, तर प्लेटमागे ४१ रुपये उरतील. महिन्याला हजार प्लेटवर आज ३६ हजार रुपये उरत असतील, तर नव्या भावाने तेवढीच रक्कम ८७९ प्लेटमध्ये निघते; म्हणजे १२१ प्लेट कमी झाल्या, तरी नुकसान होत नाही. भाव वाढवण्याआधी हा आकडा कागदावर मांडला की भीती पुष्कळ कमी होते. प्लेटमधले पोहे कमी करणे हा मार्ग मात्र मला मान्य नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकाला ते पहिल्याच दिवशी कळते, आणि ते योग्यही नाही.

दुसरा गट कमी खपणाऱ्या, पण चांगली रक्कम ठेवणाऱ्या पदार्थांचा. लोण्यासोबत दिलेले थालीपीठ १३० रुपयांना विकले आणि माल ३६ रुपयांचा धरला, तर ९४ रुपये उरतात. कोणताही सल्लागार म्हणेल की ते कार्डाच्या माथ्यावर चौकटीत छापा. येथे मला त्या जुन्या मांडणीची मर्यादा जाणवते, कारण तिच्यात तव्याचा विचार नाही. थालीपीठ झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटे भाजावे लागते. तेवढ्याच वेळात त्याच जागेवर दोन डोसे निघतात आणि प्रत्येकी ७० धरले, तरी १४० रुपये उरतात. रविवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळात दाराबाहेर नावे लिहून माणसे थांबलेली असताना तव्याची जागा ही सर्वांत दुर्मीळ वस्तू असते, आणि थालिपीठाच्या मागण्या वाढल्या की ते थापणाऱ्या मावशींच्या हाताला उसंत राहत नाही, टेबले अडकून पडतात. त्या वेळी सकाळीच उकडून ठेवलेली आणि फक्त तळून द्यायची कोथिंबीर वडी पुढे करणे शहाणपणाचे आहे. थालीपीठ दुपारी चार ते सातच्या वेगळ्या छोट्या कार्डावर ठळक द्यावे, कारण तेव्हा तवा रिकामा असतो आणि भाजणीचा खमंगपणा चाखायला माणसाकडे सवड असते.

छपाईच्या क्लृप्त्यांना मी दुय्यम मानतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, चलनाचे चिन्ह न छापता नुसता आकडा दिलेल्या कार्डावर लोकांनी अधिक खर्च केल्याचे दिसले. पण तो अमेरिकेतील एकाच उपाहारगृहात, दुपारच्या जेवणाच्या वेळी झालेला होता. आपल्याकडे भिंतीवरच्या फलकावर नुसते आकडे लिहिण्याची रीत जुनीच आहे. किमती उजवीकडे एका रांगेत न छापता वर्णनाच्या शेवटी द्याव्यात, ही सूचना मात्र मला पटते. तसे केल्याने नजर स्वस्तापासून महागापर्यंत धावत नाही, ती पदार्थाच्या नावावर थांबते. वर्णन खरे आणि थोडके असावे: ‘घरच्या भाजणीचे, लोण्यासोबत’ एवढे पुरते, पण भाजणी बाहेरून येत असेल, तर ‘घरची’ हा शब्द छापू नये.

कमी पडणारी रक्कम बिलाच्या तळाशी वसूल करण्याचा विचारही सोडावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवाशुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. जे घ्यायचे ते पदार्थाच्या किमतीतच, उघडपणे घ्यावे.

कार्ड बदलल्यावर निदान एक महिना केओटीवरून, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या मागणीच्या चिठ्ठीवरून, प्रत्येक पदार्थाचा खप वेगळा नोंदवावा, आणि तुलना करताना पंचांग जवळ ठेवावे. चतुर्थी-एकादशीला साबुदाणा खिचडीचा खप एकदम वाढतो, श्रावणात अख्ख्या नाश्त्याची वाटणी बदलते आणि गणेशोत्सवात पेठांमधील उपाहारगृहांची गर्दी रात्री उशिरापर्यंत सरकते; म्हणून श्रावणातले आकडे मागच्या श्रावणाशीच ताडून पाहावेत. अधिक महिना आला की इंग्रजी तारखा जुळत नाहीत, तेव्हा वहीत तारखेशेजारी तिथीही लिहून ठेवावी.