क्रेन नदीकाठचा तेरडा

गौरीला मुळासकट तेरडा आणून पूजणाऱ्यांना इथे इंग्लंडमध्ये त्याचाच भाऊबंद उपटून ढीग घालताना पाहिलं की टोचतंच. पण उपटायला हवा, हेही खरं.

लंडनच्या पश्चिमेला, हाउन्सलोजवळच्या क्रेन पार्कमध्ये एक चिमुकलं बेट आहे. पूर्वी इथे बंदुकीची दारू बनायची. (त्या काळी या दारूसाठी इंग्लंडला लागणारा शोरा मुख्यतः आपल्या बंगाल-बिहारमधून यायचा, हे इथे कुणाला फारसं माहीत नसतं.) आता तिथे झाडोरा आहे, चिखल आहे आणि पाणउंदरांसाठी राखलेले काठ.

काठावर माजतो तो हिमालयातला तेरडा. गुलाबी फुलांचा, अडीच मीटरपर्यंत उंच. १८३९ मध्ये बागेच्या हौसेपोटी इंग्रजांनीच तो आणला, आपण कुणी पाठवला नव्हता! त्याच्या सावलीत दुसरं काही वाढत नाही. पहिल्या कडक थंडीत तो मरतो, काठ उघडा पडतो आणि पुरात माती जाते.

उपटायचा तो मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत, बोंडं धरण्याआधी. पिकलेलं बोंड हात लागताच फुटतं आणि बी सात मीटरपर्यंत उडतं. एका झाडाला आठशेपर्यंत बिया. सुरुवात नदीच्या वरच्या अंगाने करायची. खालून केली तर वरचं बी वाहत येतं आणि मेहनत वाया जाते. देठ अगदी तळाशी धरून सावकाश ओढायचा. मुळं उथळ असतात, सहज येतात. खालचं पेर जमिनीत राहिलं तर तिथून पुन्हा फुटतो. ढीग कोरड्या जागी, पाण्यापासून लांब घालायचा, कारण ओल्या मातीत पेरांना मुळं फुटतात. त्यात नेटल नावाची खाजरी वनस्पती असते, म्हणून हातमोजे आणि लांब बाह्या हव्यातच. बी साधारण दोन वर्षं जगतं, त्यामुळे पुढची दोन-तीन वर्षं तरी फेरी चुकवायची नाही.

हे काम स्वयंसेवक निमूटपणे करतात, याचं मनापासून कौतुक वाटतं. पण म्हणून आपल्या नद्यांवरची जलपर्णी दाखवून कुणी नाक मुरडू नये. तीही परदेशातून, दक्षिण अमेरिकेतून आलेली, आणि सांडपाण्यावर पोसते. नुसती उपटून ती हटणार नाही. सांडपाणी इथेही शिरतंच: २०११ मध्ये त्यानेच याच क्रेन नदीत हजारो मासे मेले.

हिमालयातला तेरडा इथे रानात लावणं गुन्हा आहे. गौरीचा साधा तेरडा मात्र कुंडीत खुशाल लावा. एप्रिलमध्ये घरात बी पेरून मेअखेर बाहेर ठेवलात, तर भाद्रपदापर्यंत फुलतो.