मान की अपमान? मॉस्को, पॅरिस, टोकियो

मॉस्कोच्या मेट्रोत डोळे मिटूनही गाडीची दिशा कळते. शहराच्या मध्याकडे जाणाऱ्या गाडीत घोषणा पुरुषाच्या आवाजात, बाहेर जाणाऱ्या गाडीत बाईच्या. जिच्याकडे उतरले होते त्या मैत्रिणीने लक्षात ठेवायची तिथली युक्ती सांगितली: साहेब कामावर बोलावतो, बायको घरी बोलावते. ती स्वतः नोकरी करते, रोज सकाळी त्या 'साहेबा'च्याच आवाजात ऑफिसला जाते. तिला यात काहीच वावगं वाटत नव्हतं. मला मात्र दर स्टेशनला ते टोचत राहिलं.

ही 2019 च्या मार्चमधली गोष्ट. 8 मार्चला, म्हणजे महिला दिनाला, तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आदल्या संध्याकाळी डबाभर पुरुषांच्या हातात ट्यूलिप आणि पिवळ्या मिमोझाच्या डहाळ्या होत्या. फुलं मोजून विषम संख्येत घ्यायची, कारण सम संख्येतली मयताला नेतात. जिन्यापाशी एका आजोबांनी न विचारता माझी बॅग उचलली, वर नेऊन ठेवली आणि आभार मानायच्या आत निघूनही गेले. पश्चिम युरोपातल्या माझ्या काही मैत्रिणींना हे अजिबात रुचलं नसतं. मला ते मनापासून आवडलं.

पण त्याच देशात 2000 सालच्या सरकारी आदेशानुसार 456 प्रकारची कामं बायकांना बंद होती. मेट्रो चालवणं त्यातच. खरं तर सोव्हिएत काळात बायकांनी मेट्रो चालवली होती! सेंट पीटर्सबर्गच्या एका तरुणीने या बंदीविरुद्ध दाद मागितली आणि 2009 मध्ये ती सुप्रीम कोर्टात हरली. मी विषय काढला तेव्हा मैत्रीण म्हणाली, "अगं, ते अंगमेहनतीचं काम. आम्हाला त्यातून वाचवलंय."

इथे मात्र माझं डोकं तापलं. फुलं देणाऱ्यावर, बॅग उचलणाऱ्यावर माझा राग नाही. पण ज्या काळजीपायी बाईच्या हातची नोकरी जाते, ती काळजी कसली? 2021 च्या जानेवारीत ती यादी सुमारे शंभर कामांवर आली आणि बायका पुन्हा मॉस्कोची मेट्रो चालवू लागल्या. बातमी वाचल्या वाचल्या मी तिला मेसेज केला.

पॅरिसमध्ये सरकारी फॉर्मवरून 'मादमोआझेल', म्हणजे अविवाहित बाईसाठीचं संबोधन, 2012 मध्येच हटलं. पुरुषाचं लग्न झालंय की नाही हे फॉर्म विचारत नाही, मग बाईचंच का, हा आक्षेप मला पूर्ण पटतो. बाजारात मात्र एक फळवाला साठीच्या बाईंना त्याच शब्दाने हाक मारत होता आणि त्या खुलून हसत होत्या. माझ्यासोबतच्या तरुण मुलीच्या कपाळावर आठ्या. एकाच शहरात, एकाच ठेल्यापाशी.

टोकियोत सकाळच्या गर्दीत काही गाड्यांना बायकांचा वेगळा डबा असतो. प्लॅटफॉर्मवर गुलाबी खुणा असतात, त्यांच्यामागे रांग. गाडीत होणाऱ्या अंगचटीच्या प्रकारांमुळे तिथल्या केइओ या रेल्वेमार्गावर 2001 मध्ये हे सुरू झालं, मग इतरत्र पसरलं. प्राथमिक शाळेतली मुलं, अपंग प्रवासी आणि त्यांचे सोबती यांना त्यात बसता येतं. बाकी पुरुषांना कायद्याची बंदी नाही, फक्त विनंती आहे. तरीही हा आपल्यावर अन्याय आहे, असं म्हणणारे पुरुष तिथे आहेत.

ब्रिटनमध्ये 2015 साली मजूर पक्षाचे खासदार जेरेमी कॉर्बिन यांनी अशा डब्यांचा विचार नुसता बोलून दाखवला, तर त्यांच्याच पक्षातल्या बायका तुटून पडल्या. त्रास देणाऱ्याला मोकळं सोडून बायकांनाच बाजूला का बसवायचं, हा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. पण टोकियोच्या त्या डब्यात माझ्या शेजारी कॉलेजची एक मुलगी दाराला टेकून उभ्या उभ्या झोपली होती, बॅग पायाशी टाकून, निर्धास्त. तिला ती झोप मिळायलाच हवी, आणि गुन्हेगार पकडले जाण्याची वाट बघत तिने तोवर ताटकळावं असं मला वाटत नाही. मी तिथे होते तोवर सकाळी त्याच डब्यातून गेले.