उद्यमबागेतील भट्ट्या आणि सौंदत्तीचा वारा

बेळगावात हरित ऊर्जेचा विषय निघाला की तो बहुधा घराच्या छतावरील सोलर पॅनेलपाशी सुरू होतो आणि अनुदानाच्या चौकशीपाशी संपतो. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटच्या संचासाठी 78,000 रुपये मिळतात आणि घरगुती वीजबिलासाठी ती योजना निश्चितच चांगली आहे. परंतु आपल्या भागाचे पोट ज्या धंद्यावर चालते, त्या फाउंड्री (लोखंड वितळवून साच्यात ओतणारे कारखाने) आणि मशीन शॉपच्या धंद्यासाठी ऊर्जेतील या बदलाचा अर्थ काय, याची चर्चा फारशी होत नाही. उद्यमबाग, मच्छे, वाघवडे या पट्ट्यात खानापूर, चंदगड आणि बेळगाव तालुक्यांतील हजारो घरांची मिळकत ओतीव लोखंडावर अवलंबून आहे. माझे छोटे मशीन शॉप याच पट्ट्यातील फाउंड्रींकडून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, घेते, म्हणून हा विषय मला हिशेबाच्या अंगाने मांडावासा वाटतो.

विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट वीज लागते. एक किलोवॉट सोलर पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी 4 युनिट देते आणि त्याला सुमारे 100 चौरस फूट जागा लागते. म्हणजे एखाद्या फाउंड्रीने 10,000 चौरस फुटांचे संपूर्ण छत पॅनेलने झाकले, तरी दिवसाकाठी मिळणाऱ्या 400 युनिटमध्ये एक टन लोखंडही वितळणार नाही. शिवाय पुष्कळ भट्ट्या रात्रपाळीत चालतात. छतावरील पॅनेल दिवे, कॉम्प्रेसर आणि दिवसा चालणाऱ्या मशीन यांचा भार उचलतील, भट्टीचा नव्हे.

त्यामुळे पहिली संधी, माझ्या मते, वीज निर्माण करण्यात नसून ती वाचवण्यात आहे. साच्यात ओतलेल्या धातूपैकी बराचसा भाग रनर आणि रायझरमध्ये, म्हणजे धातू साच्यात नेणाऱ्या आणि तो आटताना भर घालणाऱ्या वाटांमध्ये, राहतो. तो तोडून पुन्हा भट्टीत टाकावा लागतो आणि त्यावर पुन्हा तितकीच वीज खर्च होते. शंभर किलो ओतून पंचावन्न किलो चांगले कास्टिंग मिळत असेल आणि पॅटर्नची (ज्या नमुन्यावरून साचा बनतो त्याची) मांडणी सुधारून ते प्रमाण पासष्टवर नेता आले, तर प्रत्येक टन तयार मालामागे सुमारे 170 युनिट वाचतात. यासाठी नवी भट्टी घ्यावी लागत नाही. पॅटर्न बनवणारा जाणता कारागीर आणि संगणकावर धातूचा प्रवाह तपासणारा एखादा तरुण अभियंता एकत्र बसवावा लागतो. भट्टीवरचे एक जुने जाणते काका मला झाकणाकडे बोट दाखवून म्हणाले होते, “हे उघडं राहिलं की लोखंड थंड होतंय आणि मीटर पळतंय बघा.” त्यांच्या बोलण्यात सगळे शास्त्र आले, कारण तेवढ्या तापमानाला उघड्या तोंडातून उष्णता फार वेगाने बाहेर पडते.

दुसरी गोष्ट बाजाराची. युरोपीय संघाने लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा वस्तूंच्या आयातीवर कार्बनचा हिशेब मागणे ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू केले आणि 1 जानेवारी 2026 पासून त्याला प्रत्यक्ष आकारणीची जोड मिळाली. आपले प्रत्येक कास्टिंग त्या यादीत बसते असे नाही, तरीही निर्यातदार ग्राहकांच्या चौकशीत आता किलोमागे किती वीज लागली असा रकाना येऊ लागला आहे आणि जो हा रकाना भरून देतो त्याचे पारडे जड होते. विद्युत वाहनांना सिलिंडर हेड, क्रँककेस, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लागत नाहीत, हेही विसरून चालणार नाही. मात्र ब्रेक ड्रम आणि हब लागतात. सोलर कृषिपंपांचे आवरण लागते. पवनचक्कीच्या ब्रेकसाठी हायड्रॉलिक पॉवर पॅक (तेलाच्या दाबावर चालणारे संच) लागतात, आणि हायड्रॉलिक्स ही तर बेळगावची जुनी ओळख आहे. इंजिनाच्या सुट्या भागांवरच ज्यांचा सगळा धंदा उभा आहे, त्यांनी आत्ताच दुसरा माल हाती घ्यायला हवा, असे मी माझ्या परिचितांना आग्रहाने सांगतो.

उसाच्या पट्ट्यातही संधी आहेत. चिकोडी, अथणी, संकेश्वर भागातील कारखाने बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) वीज आणि मळीपासून इथेनॉल करतात. परंतु डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधने आली, तेव्हा धोरणावर विसंबून केलेली गुंतवणूक किती अस्थिर असते ते सर्वांनी पाहिले.

सर्वांत मोठी संधी मला वाऱ्यात दिसते. सौंदत्तीच्या माळावर पवनचक्क्या आहेत, पावसाळ्यात त्या जोरात फिरतात आणि रात्रीही फिरतात, म्हणजे सोलर कमी पडते नेमके तेव्हा. केंद्राच्या 2022 च्या नियमांनी हरित वीज थेट विकत घेण्याची किमान मर्यादा 1 मेगावॉटवरून 100 किलोवॉटवर आणली. समूह पद्धतीत ग्राहकांनी मिळून प्रकल्पाचे 26 टक्के भाग (शेअर) घेतले आणि किमान 51 टक्के वीज वापरली, तर ती वीज स्वतःची धरली जाते आणि तिच्यावर क्रॉस सबसिडीचा अधिभार (बाहेरून वीज घेणाऱ्या उद्योगांना वीज कंपनीला द्यावा लागणारा जादा आकार) लागत नाही. वहन आकार (तारांतून वीज आणण्याचे शुल्क), बँकिंगच्या (जास्तीची वीज जमा ठेवून नंतर वापरण्याच्या) अटी आणि भागांची रक्कम धरूनच दर काढावा लागेल, हे खरे. एकट्या लहान फाउंड्रीला हा व्यवहार पेलणार नाही, परंतु दहा-बारा जणांना पेलेल. ज्या मुलुखाने सहकारातून साखर कारखाने उभे केले, तिथल्या माणसांना भाग गोळा करणे शिकवावे लागत नाही. महाराष्ट्रातील शिनोळीत कारखाना असलेल्यांचा मात्र वेगळा विचार करावा लागेल, कारण सीमा ओलांडली की वीज कंपनी आणि राज्याचे नियम दोन्ही बदलतात.

माझी सूचना एवढीच आहे की समविचारी फाउंड्रीवाल्यांनी मागील बारा महिन्यांची हेस्कॉमची (आपल्या भागातील वीज वितरण कंपनीची) बिले एकत्र आणावीत, प्रत्येक पाळीत किती युनिट लागतात ते मांडावे आणि ती आकडेवारी घेऊन पवनऊर्जा कंपन्यांकडे दर मागावेत. माझ्या मशीन शॉपची बिले मी त्यासाठी देण्यास तयार आहे. ज्यांना यात सहभागी व्हायचे असेल त्यांनी आधी आपला मंजूर भार आणि रात्रपाळीचा वापर काढून ठेवावा, कारण कोणतीही कंपनी पहिल्या बैठकीत हेच दोन आकडे विचारणार आहे.