आरएनएच्या ३′ टोकाला डाय जोडताना

आरएनएला फ्लुओरेसंट डाय (प्रकाश पडला की चमकणारा रंग) जोडायचे बरेच मार्ग आहेत. मी बहुतेक वेळा ३′ टोकाचा (साखळीच्या शेवटच्या टोकाचा) मार्ग घेतो, कारण त्यासाठी आरएनए बनवतानाच वेगळा अमिनो गट बसवून घ्यावा लागत नाही. शेवटच्या रायबोजवर (आरएनएमधल्या साखरेवर) २′ आणि ३′ हे दोन हायड्रॉक्सिल गट मोकळे असतात. साखळीच्या आत अशी जोडी सापडत नाही. (५′ कॅप, म्हणजे दुसऱ्या टोकावरचं टोपण, असलेल्या एमआरएनएत मात्र कॅपवरही ती असते, हे विसरू नका.) सोडियम परआयोडेट या जोडीमधला बंध तोडून दोन आल्डिहाइड तयार करतं आणि हायड्राझाइड किंवा थायोसेमिकार्बाझाइड गटाचा डाय तिथे जोडला जातो. मी फ्लुओरेसिन थायोसेमिकार्बाझाइड वापरतो.

१०० मायक्रोलिटरमध्ये १ नॅनोमोल आरएनए, १०० मिलिमोलार सोडियम ॲसिटेट (पीएच ५) आणि ५ मिलिमोलार परआयोडेट घेतो. परआयोडेटचं द्रावण त्याच दिवशी केलेलं हवं. ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळून खोलीच्या तापमानाला एक तास ठेवायची. ट्रिस बफर इथे चालत नाही, त्याचा अमाइन आल्डिहाइडशी जुळतो.

या टप्प्यावर खरा घात करतात त्या नकळत आलेल्या वस्तू. आरएनए ग्लिसरॉलमध्ये ठेवलेला असेल तर परआयोडेट आधी ग्लिसरॉलवरच खर्च होतं, शिवाय त्यातून सुटलेलं फॉर्माल्डिहाइड पुढे डायशी जुळतं. इथिलीन ग्लायकॉलने क्रिया थांबवणं मी याच कारणासाठी टाळतो. त्याहून फसवं आहे ग्लायकोजेन. पेलेट (सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाशी बसणारा गोळा) दिसावी म्हणून ते सवयीने घातलं जातं, पण त्याच्या प्रत्येक ग्लुकोजवर हायड्रॉक्सिलच्या तशाच जोड्या असतात. तेही ऑक्सिडाइज होतं, त्यालाही डाय लागतो, आणि सुंदर केशरी पेलेट हाती येते जिच्यात रंगलेला आरएनए जेमतेम असतो. वाहक हवाच असेल तर लिनियर पॉलिॲक्रिलअमाइड घ्या.

तासाभराने २.५ मोलार पोटॅशियम क्लोराइड १० मायक्रोलिटर घालून दहा मिनिटं बर्फावर ठेवतो. पोटॅशियम परआयोडेट फारसं विरघळत नाही, त्यामुळे फिरवल्यावर तळाशी पांढरा थर बसतो. आरएनए वरच्या द्रावणात असतो, तेवढंच नव्या ट्यूबमध्ये काढायचं. ही पायरी गाळली तर उरलेलं परआयोडेट डायचाच नाश करतं. मग अडीचपट इथेनॉल, उणे २० अंश, सेंट्रिफ्यूज, ७० टक्के इथेनॉलने धुणं.

पेलेट ५० मायक्रोलिटर ॲसिटेटमध्ये (पीएच ५ च) विरघळवून डीएमएसओ या द्रावकातला ३० मिलिमोलार डाय २.५ मायक्रोलिटर घालतो, म्हणजे अंतिम प्रमाण साधारण १.५ मिलिमोलार. ४ अंशांवर, अंधारात, रात्रभर. क्रिया लवकर व्हावी म्हणून पीएच वाढवू नका. अल्कधर्मी द्रावणात, विशेषतः अमाइन असताना, ऑक्सिडाइज झालेलं शेवटचं न्यूक्लिओसाइडच गळून पडतं.

डाय अजिबात लागला नाही तर ३′ टोकावर फॉस्फेट आहे का ते आधी पाहावं. स्वतःला कापणाऱ्या रायबोझाइमने (एन्झाइमसारखं काम करणाऱ्या आरएनएने) तोडलेल्या आरएनएवर २′,३′ चक्रीय फॉस्फेट असतो, तिथे परआयोडेट काही करू शकत नाही. टी४ पॉलिन्यूक्लिओटाइड कायनेज या एन्झाइमने तो काढून मग सुरुवात करावी.

सुटा डाय काढण्यात घाई नको. वरचं इथेनॉल पूर्ण रंगहीन होईपर्यंत अवक्षेपण पुन्हा पुन्हा करतो, आणि तरीही शेवटी युरिया जेलवर पाहतो, कारण सुटा डाय पेलेटला चिकटून राहतो. मोजमाप पीएच ८ ला. फ्लुओरेसिनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात) सुमारे ६.४ आहे, त्यामुळे ॲसिटेटमध्ये तो मंद दिसतो आणि डाय कमी लागल्यासारखं वाटतं. उदाहरणादाखल २४ न्यूक्लिओटाइडचा आरएनए घ्या, ज्याचा शोषणांक २६० नॅनोमीटरला सुमारे २,४०,००० आहे. ४९४ ला शोषण ०.१५ आलं, तर डायचा शोषणांक ७५,००० धरून २ मायक्रोमोलार डाय. २६० ला ०.६४५ आलं, त्यातून डायचा वाटा (२६० ला तो ४९४ च्या ०.३ पट धरून, ०.३ × ०.१५ = ०.०४५) वजा केला की ०.६० उरतं, म्हणजे २.५ मायक्रोमोलार आरएनए. जोडणी ८० टक्के. आकडा शंभरच्या वर गेला तर सुटा डाय अजून आहे.

शोषण बरोबर आणि चमक मात्र कमी, असंही होतं. शेजारी ग्वानीन (आरएनएच्या चार बेसपैकी एक) असेल तर फ्लुओरेसिनची चमक विझते, आणि आरएनएची घडी बदलली की ग्वानीन जवळ येतं किंवा लांब जातं. साय३ या दुसऱ्या डायची गत वेगळी: तो दुहेरी सर्पिलाच्या टोकावर पत्त्यासारखा रचला जातो, रेणूचं वळणं थांबतं आणि चमक उलट वाढते. म्हणून दोन नमुन्यांची चमक तुलनेला ठेवण्याआधी मी एक चाचणी करतो. त्याच बफरमध्ये चमक मोजायची, मग आरएनेज ए (आरएनएचे तुकडे करणारं एन्झाइम) घालून आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. चमक जितकी वाढेल तितकी आरएनए ती दाबत होता. या चाचणीचं क्युव्हेट आणि पिपेट वेगळे ठेवा. आरएनेज उकळूनही सहज मरत नाही.